वैद्यकीय संशोधनाचीं खुलीं भांडारें



इ. स. १९८९ च्या जानेवारी महिन्यांत लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकांत एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांतील माहिती लंडनची नव्हती, दिल्ली-मुंबईचीहि नव्हती. ती आमच्या गडचिरोली जिल्ह्यांतील वसा आणि अमिर्झा ह्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची होती. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी ह्यांनीं त्यांची तपासणी केली, तेव्हां शंभरांतील ९२ स्त्रियांना कांहीं ना कांहीं स्त्रीरोग असल्याचें आढळून आलें. आणि पूर्वी कधीं तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या ८ होत्या. ग्रामीण स्त्रीचा विचार केवळ प्रसूति आणि कुटुंबनियोजन एवढ्यापुरताच करणाऱ्या आरोग्यखात्यांना ह्या निबंधानें दुसरी बाजू पाहावयास लाविलें. हें बहुतेक आपणांस ठाऊक असेल. मला आज जो मुद्दा सांगावयाचा आहे तो निराळा आहे. ज्या स्त्रियांनीं संकोच बाजूस सारून आपल्या देहाची साक्ष दिली, त्यांच्याच तालुक्यांतील एखाद्या डॉक्टराला तो निबंध वाचावासा वाटला असता, तर तो त्याला कोठें मिळाला असता?

त्या काळचें उत्तर असें. 'लॅन्सेट' वर्गणीदारांना टपालानें येई. गडचिरोलीहून नागपूर सुमारें १७० किलोमीटर. तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत अंक आला असेल, बांधणीला गेला नसेल आणि ग्रंथपाल भला असेल, तर तो वाचावयास मिळावयाचा. दुसराहि एक मार्ग असे. लेखकाच्या पत्त्यावर कार्ड टाकावयाचें, कीं आपल्या निबंधाची एक प्रत कृपा करून पाठवावी. निबंधाच्या सुट्या छापील प्रती लेखकापाशीं असत, आणि तो त्या पदरच्या तिकिटांनीं रवाना करी. जगभर शास्त्रज्ञांमध्यें हा व्यवहार कित्येक दशकें चालला. मागेल त्याला द्यावें, ही त्यामागील वृत्ति. आजच्या खुल्या भांडारांचें मूळ मला ह्या कार्डांत दिसतें. भांडारानें एवढेंच केलें, कीं मागण्याचीहि गरज ठेविली नाहीं.

आतां कोणी म्हणेल, कीं इंटरनेट आल्यावर हा प्रश्न आपोआप सुटला असेल. कागद, छपाई, टपाल, तिन्ही खर्च वांचले. मग ज्ञान फुकट नाहीं तरी स्वस्त व्हावयास हवें होतें. झालें उलटें, वर्गण्या चढतच गेल्या. ह्याचें कारण समजण्यासाठीं ह्या व्यवहाराची जात ओळखली पाहिजे. कादंबरीच्या लेखकाला मानधन मिळतें. शोधनिबंधाच्या लेखकाला नियतकालिकाकडून एक पैसाहि मिळत नाहीं. निबंध छापण्यायोग्य आहे कीं नाहीं हें पारखणारे तज्ज्ञहि बहुधा विनामूल्य काम करतात. संशोधनाचा खर्च सरकार, विद्यापीठ किंवा एखादा धर्मादाय निधि सोसतो. म्हणजे बी शेतकऱ्याचें, नांगर शेतकऱ्याचा, राखणहि शेतकऱ्याची. आणि पीक उभें राहिलें, कीं तें विकण्याचा हक्क मात्र खळ्याच्या मालकाचा! लेखक स्वामित्वहक्क प्रकाशकाच्या नांवें लिहून देतो, प्रकाशक तो निबंध वर्गणीच्या कुलुपांत ठेवतो, आणि त्याच लेखकाच्या विद्यापीठाचें ग्रंथालय तो पुन्हां विकत घेतें. प्रकाशक कांहींच करीत नाहीं, असें मी म्हणत नाहीं; संपादन, मांडणी, जतन ह्यांना खर्च आहेच. परंतु ह्या धंद्यांतील बड्या कंपन्यांपैकीं एक, म्हणजे 'लॅन्सेट' जिच्या मालकीचें आहे ती एल्सेव्हिअर, विक्रीच्या शेंकडा तीसहून अधिक नफा मिळविते, तेव्हां कुलूप केवळ खर्च भागविण्यासाठीं आहे, हें म्हणणें पटण्यासारखें नाहीं.

कुलुपाची किंमत कधीं कधीं पैशांत मोजतां येत नाहीं. पश्चिम आफ्रिकेंत २०१४ सालीं इबोलाची भयंकर सांथ आली; ती ओसरेपर्यंत अकरा हजारांहून अधिक माणसें दगावलीं. हा रोग पूर्वी मध्य आफ्रिकेचा मानला जाई. लायबेरियांत तो येईल अशी तेथील डॉक्टरांना कल्पनाच नव्हती. पुढें २०१५ सालीं लायबेरियाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. बर्निस डान आणि त्यांचे दोन सहकारी ह्यांनीं न्यूयॉर्कच्या एका दैनिकांत एक गोष्ट उघड केली. लायबेरियांतील लोकांच्या रक्तांत इबोलाच्या संसर्गाच्या खुणा सांपडल्या आहेत, तेव्हां त्या देशानें सावध असावें, असें सांगणारा निबंध १९८२ सालींच एका युरोपीय नियतकालिकांत छापून आला होता! लेखकांत लायबेरियाचा कोणीहि नव्हता. आणि असा एक निबंध इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाचा, तर ४५ डॉलर पडत. तेथील डॉक्टरचा हा सुमारें अर्ध्या आठवड्याचा पगार. तो वाचला असता तर सांथ टळली असती, असें छातीठोकपणें कोणीं सांगावें? परंतु पहिल्याच रोग्यापाशीं संशय घेणारा एखादा डॉक्टर निघाला असता, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं. रक्त लायबेरियाचें, इशारा लायबेरियासाठीं, आणि तो लायबेरियालाच पोंचला नाहीं.

आतां भांडारांकडे वळूं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे तेव्हांचे संचालक डॉ. हॅरॉल्ड व्हार्मस हे नोबेल पारितोषिकाचे मानकरी. त्यांनीं १९९९ सालीं अशी योजना मांडली, कीं जीवशास्त्र व वैद्यक ह्यांतील सारें संशोधन एका सार्वजनिक भांडारांत ठेवावें आणि तें जगांतील कोणालाहि मोफत वाचतां यावें. प्रकाशकांनीं अर्थातच गहजब केला. योजना बरीच आंखडली. पण नाहींशी झाली नाहीं. फेब्रुवारी २००० मध्यें 'पबमेड सेंट्रल' ह्या नांवाचें भांडार उघडलें, तेव्हां त्यांत अवघीं दोन नियतकालिकें होतीं. आज त्यांत एक कोटीहून अधिक लेख संपूर्ण वाचावयास मिळतात. ब्रिटनमध्यें २००७ सालीं त्याचें भावंड निघालें; तें आतां 'युरोप पीएमसी' म्हणून ओळखलें जातें.

येथें एक घोटाळा दूर केला पाहिजे. 'पबमेड' आणि 'पबमेड सेंट्रल' हीं नांवें सारखीं वाटलीं, तरी वस्तु दोन आहेत. पबमेड ही सूची आहे. अमेरिकेंत जॉन शॉ बिलिंग्ज ह्या लष्करी डॉक्टरानें १८७९ सालीं जगांतील वैद्यकीय लेखांची छापील सूची सुरू केली; तिच्याच वंशांतील ही आजची सूची, १९९७ पासून सर्वांना मोफत खुली. तींत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. लेखाचें नांव, लेखक, साल आणि बहुधा एक सारांश. पबमेड सेंट्रल हें मात्र कपाट आहे. त्यांत प्रत्यक्ष लेख आहेत. साडेतीन कोटींची सूची आणि एक कोटीचें कपाट, ह्या दोहोंमधील अंतर म्हणजेच कुलुपांत राहिलेलें ज्ञान. कांहीं लेख अन्यत्र खुले असतात हें खरें, तरी अंतर मोठेंच राहतें. सूचींतील सारांश वाचून समाधान मानणाऱ्या डॉक्टरांचे हाल मोठे. सारांशांत निष्कर्ष असतो. पण औषध किती दिलें, कोणत्या वयाच्या मुलाला, कोणाला वगळलें, हें आंतल्या पानांत असतें, आणि रोगी पुढें बसलेला असतांना त्याचीच गरज असते.

निबंध कपाटांत जातो कसा, हेंहि सांगितलें पाहिजे. एक वाट अशी, कीं नियतकालिकच खुलें असावें. दुसरी वाट लेखकाच्या हातची आहे. तज्ज्ञांनीं पारखलेलें, दुरुस्त झालेलें, परंतु प्रकाशकाच्या छापखान्याचा साज न चढलेलें आपलें अंतिम हस्तलिखित लेखकानें भांडारांत जमा करावयाचें. मजकूर तोच, फक्त पृष्ठांची सजावट नाहीं. बरेच प्रकाशक ह्याला संमति देतात, परंतु सहा महिने, वर्षभर अशी मुदत घालतात. कोणत्या प्रकाशकाची कोणती अट, हें पूर्वी 'शेर्पा रोमियो' ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका ब्रिटिश यादींत पाहतां येतें. २००२ च्या फेब्रुवारींत बुडापेस्ट येथील जाहीरनाम्यानें ह्या दोन्ही वाटा जगापुढें स्पष्ट मांडल्या. परंतु केवळ आवाहनानें भांडारें भरत नाहींत. शास्त्रज्ञ हे आपल्यासारखेच आळशी. अमेरिकेंत प्रथम विनंती होती, तेव्हां फारच थोड्यांनीं निबंध जमा केले. २००८ पासून कायदा आला, कीं सरकारी पैशानें झालेलें आरोग्य-संशोधन बारा महिन्यांच्या आंत पबमेड सेंट्रलमध्यें खुलें झालेंच पाहिजे. आणि १ जुलै २०२५ पासून ती बारा महिन्यांची मुदतहि गेली. आपल्या देशांत केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान ह्या विभागांनीं डिसेंबर २०१४ मध्यें असेंच धोरण जाहीर केलें. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनें तर २००२ सालींच आपलें भांडार उघडलें होतें. धोरण आणि अंमलबजावणी ह्यांमध्यें आपल्याकडे जें अंतर पडतें, तें येथेंहि पडलें आहे.

ह्या कामांत मराठी मुलुखाचा वांटा लहान नाहीं. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतून आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयांतून १९५५ पासून एक इंग्रजी वैद्यकीय त्रैमासिक निघतें. चालू शतकाच्या आरंभीं तें इंटरनेटवर सर्वांना खुलें झालें. तें काम करणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. देवकुमार साहू ह्यांच्या मुंबईच्या 'मेडनो' संस्थेनें पुढें देशांतील अनेक वैद्यकीय नियतकालिकें ह्याच रीतीनें चालविलीं: वाचकांकडून पैसा नाहीं आणि बहुतेकांत लेखकाकडूनहि नाहीं. छापील अंकाची विक्री बुडेल अशी जी भीति होती, ती खोटी ठरली, असें साहू सांगत. २०११ सालीं मात्र ती संस्था एका परदेशी प्रकाशनगृहानें विकत घेतली. खुलेपणाची गोष्ट सांगतांना हेंहि सांगितलेंच पाहिजे.

आतां आपल्या जिल्ह्याकडे परत येऊं. कारण खुलें आणि बंद ह्यांतील फरक ज्यांना डोळ्यांनीं पाहावयाचा आहे त्यांनीं तो येथेंच पाहावा. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, आणि चार वर्षांनीं बंग दांपत्याची 'सर्च' ही संस्था येथें कामास लागली. लहान मुलें कशानें मरतात ह्याचा शोध घेतां न्यूमोनिया हें मोठें कारण निघालें. डॉक्टर दूर, पावसाळ्यांत वाट बंद. तेव्हां गांवांतील आरोग्यसेवक आणि सुइणी ह्यांनाच रोग ओळखून औषध देण्यास शिकविलें. जिला शंभरापर्यंत मोजतां येत नाहीं त्या सुइणीनें मुलाचे श्वास मोजावयाचे कसे? त्यासाठीं एक साधें यंत्र केलें: एका मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं लाल मण्याला हात लागला, कीं न्यूमोनिया समजून औषध सुरू करावयाचें. ह्या प्रयोगाचा मुख्य निबंध जुलै १९९० मध्यें 'लॅन्सेट'मध्येंच आला. ज्या गांवांत हें काम झालें तेथें न्यूमोनियानें होणारे बालमृत्यु दर हजारीं ८.१, आणि जेथें झालें नाहीं तेथें १७.५. पुढें सुइणींनीं हें काम कसें पार पाडलें ह्याचा निराळा निबंध १९९४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्यें छापला गेला.

ह्या दोन निबंधांचें दैव पाहा. जिल्हा तोच, मंडळी तीच, रोग तोच. जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या बुलेटिनचे जुने अंक छायाप्रतींच्या रूपानें पबमेड सेंट्रलमध्यें ठेवूं दिले, म्हणून १९९४ चा निबंध आज एटापल्लीचा डॉक्टर मोबाइलवर उघडून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचूं शकतो. १९९० चा निबंध त्या कपाटांत नाहीं. नवजात अर्भकांच्या घरोघरच्या काळजीचा प्रयोगहि असाच. ३९ गांवांत गांवच्याच शिकविलेल्या बायांनीं बाळ-बाळंतिणीच्या घरीं जाऊन काळजी घेतली, ४७ गांवें तुलनेसाठीं ठेविलीं, आणि तिसऱ्या वर्षीं त्या तुलनेनें नवजात अर्भकांच्या मृत्यूंत शेंकडा ६२ घट दिसून आली. हा निबंध ४ डिसेंबर १९९९ चा, म्हणजे पबमेड सेंट्रल उघडण्याच्या अवघ्या दोन महिने आधींचा. २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांनीं घरभेटींची शिफारस केली. २०११ पासून भारत सरकारनें आशा कार्यकर्तीच्या घरभेटी देशभर सुरू केल्या. जिच्या खांद्यावर ही योजना उभी आहे त्या आशाताईला, किंवा तिच्या वरच्या डॉक्टराला, योजनेचा मूळ पुरावा त्या सार्वजनिक कपाटांत आजहि सांपडत नाहीं.

ह्यांत बंग दांपत्याला दोष देणें अन्यायाचें होईल. 'लॅन्सेट'ची खोली बंद असली, तरी तिचा चौथरा उंच आहे. त्यावर उभें राहून बोललें म्हणूनच जिनिव्हा आणि दिल्ली ह्यांनीं ऐकलें. शिवाय त्याच संस्थेनें २००१ सालीं महाराष्ट्रांतील न मोजलेल्या बालमृत्यूंविषयीं 'कोवळी पानगळ' हा अहवाल मराठींत काढला होता. त्यावर वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळांत जी खळबळ उडाली, ती इंग्रजी निबंधानें उडाली नसती.

सरकारनें अलीकडे एक मोठें पाऊल टाकलें आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें 'एक राष्ट्र एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५ पासून तीन वर्षांसाठीं सहा हजार कोटि रुपये. तीस प्रकाशकांचीं सुमारें तेरा हजार नियतकालिकें. आणि तीं वाचूं शकणाऱ्या सहा हजारांहून अधिक शासकीय शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था. चंद्रपूर-नागपूरच्या विद्यार्थ्यांना ह्याचा लाभ होईल, हें चांगलेंच. परंतु योजना संस्थांची आहे, माणसांची नाहीं. जंगलांतील स्वयंसेवी रुग्णालय, तालुक्याच्या गांवीं एकटा दवाखाना चालविणारा डॉक्टर, सेवानिवृत्त प्राध्यापक, आपल्या मुलाच्या दुर्धर रोगाविषयीं वाचूं पाहणारी आई, हीं सर्व तिच्या बाहेर राहतात. आणि ही वर्गणी आहे, म्हणजे भाडें. भाडें थकलें, कीं दार बंद. सहा हजार कोटि भाड्याला देणाऱ्या देशानें आपलें स्वतःचें संशोधन आपल्या भांडारांत जमा करण्याची सक्ति नीट अमलांत आणूं नये, हें मला हिशेबाला धरून वाटत नाहीं.

खुलेपणाच्या नांवावर कांहीं वाईटहि चाललें आहे. वाचकांकडून पैसा न घेणारीं कित्येक नियतकालिकें तो लेखकाकडून घेतात. लंडनच्या 'नेचर'नें २०२१ पासून एका निबंधासाठीं ९,५०० युरो असा दर ठेविला. एवढी रक्कम गडचिरोलींतील कोणत्या संस्थेनें द्यावी? उलट टोंकाला, थोडे पैसे घेऊन कसलीहि परीक्षा न करतां वाटेल तें छापणारीं दुकानें निघालीं आहेत, आणि त्यांपैकीं बरींच आपल्या देशांत आहेत, हें लाजेनें सांगावें लागतें. म्हणून भांडारांत सांपडलें एवढ्यानें लेख खरा मानूं नये. बंद कपाटांतलाहि मानूं नये. लशीमुळें मुलांना स्वमग्नता येते असें सुचविणारा १९९८ चा निबंध 'लॅन्सेट'नेंच छापला आणि बारा वर्षांनीं, २०१० सालीं, मागें घेतला. खुल्या लेखाचा फायदा एवढाच, कीं त्यांतील चूक पकडणारे डोळे अधिक असतात.

राहतां राहिली भाषा. दार उघडलें, तरी आंतील बोलणें इंग्रजी, आणि तेंहि वैद्यकाचें. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या शाळामास्तराला एक निबंध वाचावयास शब्दकोशासह दोन संध्याकाळी लागतात. पण वाचतां येतो. प्रथम सारांश वाचावा. मग किती माणसांवर, कोठें, किती दिवस प्रयोग झाला तें पाहावें. शेवटीं लेखकांनीं स्वतःच्या कामाच्या ज्या मर्यादा सांगितल्या असतील त्या अवश्य वाचाव्या. बाकीचें सोडलें तरी चालेल. हें वाचून घरचें औषध मात्र कोणीं बदलूं नये. डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न त्यांतून सुचले, म्हणजे पुष्कळ झालें.

ज्यांना प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यांनीं पबमेडच्या सूचींत गडचिरोली हें नांव इंग्रजी अक्षरांनीं लिहून शोध करावा. आपल्या जिल्ह्याच्या निबंधांची लांब यादी पुढें येईल. कांहीं नोंदींखालीं लेख मोफत असल्याची खूण असेल. तेथें बोट ठेवलें, कीं पूर्ण निबंध उघडेल. सुइणींच्या कामाचा १९९४ चा निबंध अशा खुणेचा आहे. जेथें ती खूण नाहीं तेथें सारांश वाचून थांबावें लागेल. किंवा निबंधाखालीं लेखकाचा पत्ता असतो, त्यावर पूर्वीच्या कार्डासारखें एक पत्र पाठवावें. लेखक बहुधा प्रत पाठवितात.